हुंकारा देणारी पोरं

एखाद्याची गोष्ट बिघडवायची असेल तर सांगणाऱ्याला हातही लावावा लागत नाही. ऐकणाऱ्याचं लक्ष उडवलं की काम झालं. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोग करून दाखवलं. त्यांचा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी माणसांच्या जोड्या लावल्या. एकानं आपल्या आयुष्यातला थोडक्यात निभावलेला प्रसंग सांगायचा, दुसऱ्यानं ऐकायचा. काही ऐकणाऱ्यांना मात्र गुपचूप एक काम नेमून दिलं होतं: समोरच्याच्या बोलण्यात 'टी' या अक्षरानं सुरू होणारे शब्द किती येतात ते मोजत राहायचं. म्हणजे कान उघडे, शब्द न् शब्द आत जातोय, पण मन अर्थावर नाही.

बिघडली ती सांगणाऱ्याची गोष्ट. आणि बिघडली तीही ऐन शेवटाला. जीव वाचला तो क्षण आला की ही माणसं अडखळायची, शेवट घाईत उरकायची, नाहीतर तोच तो शेवट फिरून फिरून सांगायची आणि 'खरंच, फार थोडक्यात वाचलो' अशी सारवासारव करायची. प्रसंग त्यांचा, आठवण त्यांची, तोंडही त्यांचंच. तरी समोरचं माणूस आतून उठून गेलंय हे त्यांच्या जिभेला कळलं.

आपल्याकडच्या आज्यांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. अंधारात गोष्ट सांगणारी आजी नातवाचा हुंकारा मागते. हुंकारा थांबला की गोष्टही थांबते. बाव्हेलास यांनी या हुंकाऱ्याचे दोन प्रकार वेगळे काढले. एक नुसता 'हं', कुठंही चालणारा. दुसरा त्या क्षणापुरता: श्वास रोखणं, कपाळावर आठी येणं, 'अगं बाई' म्हणणं, कधी समोरच्याचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करणं. शब्द मोजणाऱ्यांकडून हा दुसरा हुंकारा जवळजवळ नाहीसा झाला होता.

माध्यमिक शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना ऐकणारे सोबती म्हणून तयार करायचं, या कल्पनेकडे मी या प्रयोगाच्या वाटेनं आले. १९७० साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावच्या शाळांत बार्बरा व्हॅरेनहॉर्स्ट आणि मनोविकारतज्ज्ञ बिॲट्रिक्स हॅम्बर्ग यांनी तसा उपक्रम सुरू केला आणि पुढं तो अनेक देशांत पसरला. वरवर ऐकलं तर कल्पना साधीच वाटते, 'मोठ्यांनी लहानांकडं लक्ष द्यावं' या सुविचारासारखी. पण ऐकणं हे सद्गुणाच्या खात्यात टाकलं की ते शिकवायचं राहून जातं. ते कसब आहे. शरीराला लावून घ्यायचं कसब आहे, आणि नववीतल्या पोराला ते येऊ शकतं. धाराशिवसारख्या जिल्ह्यात, जिथं मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा म्हणजे शहराची वाट धरावी लागते, तिथं या गोष्टीचं मोल फार आहे.

हे कसब अवघड का, त्याचं उत्तर घड्याळात सापडतं. तान्या स्टीव्हर्स आणि त्यांच्या गटानं २००९ साली दहा भाषांमधली बोलणी मोजली. जपानी, डॅनिश, लाओ, कोरियन, मेक्सिकोतली त्सेल्ताल, अशा एकमेकींपासून फार दूरच्या भाषाही त्यांत होत्या. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद. भाषाभाषांत फरक आहे, पण थोडाच. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. समोर एखाद्या वस्तूचं चित्र धरलं तर तिचं नाव मनात जुळवून ओठांवर आणायला माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. एका शब्दाला ६००, आणि उत्तर मात्र २०० मध्ये बाहेर पडतं! हिशोब एकाच रीतीनं जुळतो. समोरचा अजून बोलत असतानाच आपण आपलं उत्तर रचायला घेतलेलं असतं. आपण सगळेच, सगळ्या भाषांत, दिवसभर.

हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले. 'नीट ऐकत नाहीस' हे जे आपण एकमेकांना सुनावतो, त्यामागं दरवेळी बेपर्वाई नसते. बोलण्याची गाडी सुरळीत चालावी म्हणून माणसाच्या मेंदूनं बसवलेली ती घडी आहे. बाजारात, एसटीत, जेवायला बसल्यावर ती उत्तम चालते. पण समोर सातवीतली मुलगी चार दिवसांपासून न सांगितलेलं काहीतरी सांगू पाहतेय, तेव्हा हीच घडी तिच्या आड येते. ती श्वास घ्यायला थांबते आणि तेवढ्यात आपलं तयार उत्तर बाहेर पडतं.

म्हणून प्रशिक्षणातला पहिला धडा थांबण्याचा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबत, मग स्वतःच बोलू लागत. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं कितीतरी लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि ज्यांना शिक्षक मठ्ठ समजत होते ती मुलं बोलू लागली. केवळ दोन सेकंद जास्त. त्यांना पैसा लागत नाही की खोली लागत नाही.

आता हा सराव जवळून पाहू. वर्गात जोड्या करायच्या. एकानं दोन मिनिटं बोलायचं, विषय साधा: घरी कालचा दिवस कसा गेला. दुसऱ्यानं एकही वाक्य बोलायचं नाही, सल्ला नाही, 'माझ्याबी घरी असंच झालतं' नाही. मान हलवायची, हुंकारा द्यायचा, बस. पहिल्या वेळी वर्गात हसू फुटणारच. नववीच्या पोरांना शांतता सोसत नाही. ती नखं कुरतडतात, बाकावर टकटक करतात, शेजारच्या जोडीकडे बघतात. बोलणाराही अर्ध्या मिनिटात 'झालं, एवढंच' म्हणतो. इथं शिकवणाऱ्यानं सांगायचं, थांबा, वेळ संपलेली नाही. आणि त्या 'झालं'नंतर, तीन-चार सेकंदांच्या अवघडलेपणानंतर, खरं बोलणं निघतं.

दुसरा धडा प्रश्नांचा. 'का' हा प्रश्न पोराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. का रडतेस, का आला नाहीस, का सांगितलं नाहीस. त्याचं उत्तर म्हणजे स्वतःचा बचाव. 'मग काय झालं?' हा प्रश्न मात्र वाट मोकळी करतो. समजा, मधल्या सुट्टीत नळापाशी नववीतली मुलगी सातवीतल्या मुलीजवळ उभी आहे.

'डबा खाल्ला न्हाईस?'

'भूक न्हाई, ताई.'

'हं.'

तीन सेकंद.

'घरी जायचंच न्हाई वाटायलंय.'

इथं शंभरातली नव्वद माणसं म्हणतील, 'असं बोलू नये, आईबाप तुझ्यासाठीच राबतात ना?' बोलणं तिथंच मिटतं. शिकलेली ताई म्हणते, 'घरी जाऊ वाटंना झालंय तुला.' तिचेच शब्द, जरासे फिरवून. वाचायला हे पोपटपंचीसारखं वाटेल. पण ज्याला हे ऐकवलं जातं त्याला पहिल्यांदा कळतं की आपलं वाक्य पोचलं. पुढचं वाक्य त्यामुळंच येतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं २००७ मध्ये लोकांना भेदरलेले, संतापलेले चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. चेहऱ्यावरच्या भावनेला नाव द्यायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या बदामाएवढ्या भागाची, खळबळ उतरली. भीतीला 'भीती' म्हटलं की ती थोडी उतरते. आमच्याकडच्या पोरांच्या तोंडी 'नैराश्य', 'चिंता' हे शब्द नसतात. ती म्हणतात, करमत न्हाई, कसंतरीच व्हायलंय, डोकं धरतंय, पोटात गोळा येतोय. सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी पोट दुखणाऱ्या मुलाला ओव्याचा अर्क द्यायचा की शेजारी बसायचं, हे ओळखायला ही बोली कानाला ओळखीची हवी. बाहेरून आलेल्या समुपदेशकाला ती शिकावी लागते. वरच्या वर्गातल्या दादाला ती येतेच, कारण तीन वर्षांपूर्वी त्याच्याही पोटात तोच गोळा यायचा.

धाराशिव तालुक्यातल्या तेरला संत गोरोबाकाका कुंभारांची आख्यायिका सांगतात. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणं उचललं आणि जमलेल्या संतांच्या डोक्यावर मारून कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं ते आवाजावरून सांगितलं. नामदेव कच्चे ठरले आणि रुसले. कुंभाराचा कान केवढा तयार असतो, हे या गोष्टीत आहे. आवाजातला बारीक फरक टिपणारा असाच कान ऐकणाऱ्या मुलाला हवा. फक्त निकाल मात्र त्यानं द्यायचा नाही. कच्चं-पक्कं ठरवणं आलं की समोरचा नामदेवासारखाच रुसतो आणि उठून जातो.

आता खरा प्रश्न. तज्ज्ञ नसलेल्या माणसानं ऐकलं तर उपयोग होतो का? याची एक सुरुवात मोठी हलवणारी आहे. चॅड व्हारा नावाचे इंग्रज धर्मगुरू. १९३५ साली त्यांनी एका कोवळ्या मुलीचा अंत्यविधी केला. तिला पाळी सुरू झाली होती, ती तिला भयंकर रोगाची खूण वाटली, आणि विचारायला कुणी नव्हतं. ते ओझं मनात ठेवून १९५३ मध्ये त्यांनी लंडनमध्ये आधारासाठीचा दूरध्वनी सुरू केला. माणसं प्रत्यक्षही येऊ लागली. गर्दी वाढली तसे बाहेरच्या खोलीत काही स्वयंसेवक बसू लागले, थांबलेल्यांना चहा द्यायला. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं की बाहेर चहा घेत बोलत बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना आत यायची गरजच उरत नाही. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी ते काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. सॅमॅरिटन्स ही संस्था ती हीच.

शाळांतले पुरावे त्यानंतर साठेक वर्षांनी आले, आणि तेही चकित करणारे. युरोपातल्या दहा देशांत, १६८ शाळांत, ११,११० विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये 'लॅन्सेट'नं छापला. काही शाळांत शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवलं, काही शाळांत तज्ज्ञांनी मुलं तपासून निवडली, आणि काही शाळांत खुद्द मुलांनाच थोड्या तासांत, नाटुकली करून, मनाच्या अडचणी ओळखायला आणि सोबत्याला हात द्यायला शिकवलं. वर्षभरानं आत्महत्येचे प्रयत्न आणि तसे तीव्र विचार जवळजवळ निम्म्यावर आले ते या तिसऱ्या शाळांत. पहिल्या दोन उपायांनी म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आपल्या देशातला दाखला बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला आहे, पण तो घडवला गोव्याच्या 'संगात' संस्थेनं. सुमारे पाऊणशे सरकारी शाळा. काहींमध्ये हा कार्यक्रम शिक्षकाकडे दिला, काहींमध्ये गावातल्याच, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या माणसाकडे. भित्तिपत्रक, मुलांची समिती, गटचर्चा, आणि मनातलं लिहून टाकायची पेटी. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. प्रशिक्षित माणूस असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, उदासी घटली, दांडगाई आणि मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकांच्या हाती दिलेल्या शाळांत काहीच हललं नाही. यात शिक्षकांचा दोष मला दिसत नाही. ज्याच्या हाती प्रगतिपुस्तक आहे त्याच्याजवळ मन उघडणं पोराला जड जातं, एवढाच याचा अर्थ मी घेते. केनियात टॉम ओसबॉर्न यांच्या 'शामिरी' उपक्रमानं तर नुकतीच शाळा संपवलेली तरुण मुलं शाळेत पाठवली. चार आठवडे, आठवड्याला एक बैठक, आणि उदासी आणि चिंता दोन्ही उतरल्या. वयाची जवळीक हीच तिथली पदवी.

धाराशिव जिल्ह्याला ही कल्पना परकी नाही. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट, तीन वाजून छप्पन मिनिटं. किल्लारीच्या भूकंपानं लातूरच्या औशाबरोबर तेव्हाच्या उस्मानाबादचे उमरगा आणि लोहारा हे भागही उद्ध्वस्त केले. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. पुनर्वसनात घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण गावागावांत न्यायचं होतं. अभियंते होते, पैसा होता, पण गावकऱ्याच्या मनातली भीती ऐकणारं कुणी नव्हतं. ज्या दगडी भिंतींनी माणसं मारली त्याच भिंतींत पुन्हा झोपायचं कसं? त्या वेळी प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग'नं महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. दोन जिल्ह्यांतल्या हजाराहून अधिक गावांत या बायका सरकार आणि घर यांच्या मधे उभ्या राहिल्या. कागद समजावणं हे त्यांचं काम. पण आधी गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय कागद कुणी हातात घेत नाही. त्याच सुमारास तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या 'हॅलो मेडिकल फाउंडेशन'नं गावातल्याच बायकांना शिकवून 'भारतवैद्य' घडवले. जवळचा, आपल्या बोलीचा, थोडं पण पक्कं शिकलेला माणूस: या जिल्ह्यानं हे सूत्र तीस वर्षांपूर्वी करून दाखवलंय. मनाच्या बाबतीत नाशिकच्या पेठ तालुक्यात पुण्याच्या एका संस्थेनं 'आत्मीयता' प्रकल्पात ४१ गावांत ते वापरलं. राहिल्या त्या शाळा.

आणि शाळांतली मुलं इथं काय काय उरावर घेऊन बसतात! शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी राज्य सरकारनं २०१५ मध्ये 'बळीराजा चेतना अभियान' सुरू केलं, तेव्हा त्यासाठी निवडलेले दोन जिल्हे होते यवतमाळ आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव. मोठी माणसं कर्जाचं बोलणं पोरं झोपल्यावर करतात आणि पोरं जागी असतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आईबाप ऊसतोडीला निघतात. पोर आजीजवळ राहतं, नाहीतर शाळा सोडून कोयत्याबरोबर जातं. आठवी-नववीतल्या पोरीच्या लग्नाची बोलणी तिच्या कानावर आधी तुकड्यातुकड्यांनी येतात. यातलं काहीही वर्गशिक्षकाला आपणहून कळत नाही. शेजारच्या बाकावरच्या पोराला कळतं.

कागदावरची चौकट तयार आहे. १२ फेब्रुवारी २०२० ला केंद्रानं शाळा आरोग्य आणि स्वास्थ्य कार्यक्रम जाहीर केला. पहिला टप्पा आकांक्षित जिल्ह्यांसाठी होता आणि महाराष्ट्रातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांत हा जिल्हा आहे. बाकीचे तीन गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीम. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक दूत, त्यांच्या हाताखाली विद्यार्थी संदेशवाहक, आणि अकरा विषय, त्यांत मनाचं आरोग्यही. मला यात एकच बदल सुचवावासा वाटतो. या मुलांकडून संदेश पोचवून घेतले जातात, तेवढंच त्यांना ऐकायलाही शिकवावं. घोषवाक्याची फेरी सोपी आहे. नळापाशी तीन सेकंद थांबणं अवघड आहे, म्हणून शिकवण्याजोगंही तेच आहे.

पण इथं पुरतं सावध राहिलं पाहिजे. पंधरा वर्षांच्या पोरावर प्रौढांचं ओझं टाकायचं नाही, यावर मी जराही मागं हटणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचं सूत्र तीन क्रियांचं आहे: बघा, ऐका, जोडून द्या. शाळेतल्या सोबत्यासाठी तिसरी क्रिया सर्वांत महत्त्वाची. सोबत्यानं प्रश्न सोडवायचा नाही, खणायचंही नाही. धक्का बसलेल्या माणसाला एकदा बसवून घडलेलं सगळं इत्थंभूत वदवून घेतलं की तो सावरतो, असं पूर्वी मानत. तपासण्या झाल्या तेव्हा दिसलं की त्याचा फायदा होत नाही, काहींना उलट त्रास होतो. जेवढं येईल तेवढं घ्यायचं, ओढून काढायचं नाही.

'कुणाला सांगू नको' हे वाक्य आलं तर काय करायचं, याची तालीम आधीच करून घ्यावी लागते. ऐकायला बसतानाच सांगायचं: 'तुझं बोलणं माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका असला, कुणी तुला मारत असलं, कुणी तुझ्या अंगाला नको तसा हात लावत असलं, तर मी बाईंना सांगणार, आणि तुला सांगूनच सांगणार.' हे वाक्य पाठच हवं. अमेरिकेत 'सोर्सेस ऑफ स्ट्रेंग्थ' या उपक्रमाची १८ शाळांत तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. प्रशिक्षण घेतलेली मुलं धोक्यातल्या मित्राची गोष्ट मोठ्या माणसापर्यंत नेऊ लागली. मोठ्या शाळांत हे प्रमाण प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या चौपट होतं. मैत्री म्हणजे गुपित सांभाळणं, ही किशोरवयातली सगळ्यात पक्की समजूत. ती थोड्या तासांत बदलता येते, हे मला या सगळ्या अभ्यासांतलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं.

आपला कायदाही इथं मुलांची बाजू घेतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं, न कळवणाऱ्याला शिक्षा ठेवली. पण ही शिक्षा मुलांना लागू नाही, असं त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कळवण्याची जबाबदारी येऊन पडते ती बाईंवर, सरांवर, मुख्याध्यापकांवर. राज्यानं मार्च २०२२ मध्ये शाळाशाळांत सखी-सावित्री समित्या नेमायला सांगितलं, त्यांचं खरं काम इथून सुरू व्हावं. मोठ्या माणसांची ही साखळी जागी नसेल, तर मुलांना ऐकायला शिकवूच नये. ऐकून घेतलं आणि पुढं कुणी उचललंच नाही, तर दोन पोरं एकटी पडतात. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून निघाला. त्या संस्थेचा एक परिसर याच जिल्ह्यात, तुळजापूरला आहे. मनाच्या आधारासाठी २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ आहे. हे दोन क्रमांक शाळेच्या भिंतीवर, पाढ्यांच्या शेजारी, रंगवलेले असावेत.

आजवरच्या अभ्यासांत सर्वांत ठळक फायदा दिसतो तो ऐकणाऱ्या मुलांचाच. त्यांचा आत्मविश्वास वाढतो, बोलणं सुधारतं, घरातही भांडण सांभाळता येतं. ज्यांचं ऐकलं जातं त्यांच्याबद्दलचे पुरावे कुठं भक्कम, कुठं डळमळीत. आणि काही ऐकणाऱ्यांना अपराधी वाटतं, आपण कमी पडलो असं. म्हणून पंधरवड्यातून एकदा या मुलांचंही कुणी ऐकायला हवं. नाव न घेता, 'या वेळी मला जड गेलं ते हे' असं त्यांना एखाद्या बाईंपाशी बोलता यायला हवं. ही बैठक वेळापत्रकात नसेल तर उपक्रम दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

जागेचंही पाहावं. टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसवलं की पोरं गप्प होतात. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; त्या गाणाऱ्या बायकांचे हात खुंट्याला आणि डोळे पिठाकडे असत, तेव्हा त्यांनी सासर-माहेरचं सारं सांगून टाकलं. शाळेत याला तोड म्हणजे चालणं. मैदानाच्या कडेनं, एसटीच्या थांब्यापर्यंत, झाडांना पाणी घालताना. 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावलेल्या खोलीत जायला पोर चार वेळा विचार करतं, कारण कोण आत गेलं ते अख्ख्या शाळेला दिसतं.

राहता राहिली निवड. मुलं नववीतली घ्यावीत. दहावीच्या पोरांच्या मागं बोर्ड लागलेलं असतं. आणि निवड शिक्षकांनी करू नये. पहिला नंबर येणारा, सूत्रसंचालन करणारा, वर्गाचा मॉनिटर, अशीच नावं त्यांच्याकडून येतात. त्यापेक्षा प्रत्येकाला चिठ्ठी द्यावी: तुला काही झालं तर शाळेतल्या कुणाला सांगशील? चिठ्ठ्या मोजून ज्यांची नावं जास्त येतात त्यांना बोलवावं, आणि त्यांत मुली, मुलं, गावातले, तांड्यावरचे, वस्तीवरचे, सगळे आहेत ना तेवढं पाहावं. कुणाच्याच नजरेत न भरणारं एखादं पोर, आईबाप कारखान्यावर गेल्यावर हंगामभर धाकट्या भावंडांना सांभाळणारं, मागच्या बाकावर बसणारं, गणितात जेमतेम पास होणारं, अशा पोराचं नाव दहा चिठ्ठ्यांवर निघालं, तर प्रशिक्षणाला पहिलं त्यालाच बोलवावं. त्याची अर्धी तयारी घरीच झालेली असते.